आईंच्या औषधासाठी सही मी करू का?

सप्रेम नमस्कार ताई,

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या उन्हाळ्यापासून अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्यांची केमो चालू आहे. मळमळ थांबत नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, तळपायांची आग होते आणि रात्र रात्र झोप नाही. मागच्या भेटीत डॉक्टरांनी मेडिकल कॅनाबिस, म्हणजे औषध म्हणून घेण्याचा गांजा, सुचवलं. आईंना दुकानात जाणं झेपणार नाही, म्हणून त्यांच्या वतीने औषध आणायला आणि द्यायला राज्याकडे केअरगिव्हर म्हणून कोणाचं तरी नाव नोंदवावं लागेल. माझा नवरा सोमवार ते गुरुवार कामासाठी शिकागोला असतो. नणंद फिलाडेल्फियाला राहते. मी घरून काम करते, त्यामुळे केअरगिव्हर मीच होणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं आहे.

आई आणि नवरा अमेरिकन नागरिक आहेत. माझं ग्रीन कार्ड आहे आणि पुढच्या वर्षी मी सिटिझनशिपचा अर्ज करणार आहे. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, ‘सही करण्याआधी नीट चौकशी कर.’ नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, इथे सगळं कायदेशीर आहे, तू उगाच घाबरतेस. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईंनी माझं सगळं केलं. आता त्यांच्या वेळेला मी मागेपुढे करते आहे, याचंच मला वाईट वाटतं. आई तर वेगळंच म्हणतात, ‘या वयात गांजा नको गं बाई, मंडळात कळलं तर काय म्हणतील?’ घरात सहा आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. डिसेंबरमध्ये भाचीच्या लग्नासाठी मला पुण्याला जायचं आहे. मी सही करू का?

— एक सून, एडिसन

प्रिय मैत्रिणी,

फॉर्म तुमच्यासमोर पडलेला आहे, म्हणून उत्तर आधी देते. सही करू नका. नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत आईंच्या केअरगिव्हर म्हणून तुमचं नाव लागू देऊ नका. तिथे तुमच्या नवऱ्याचं नाव लागू दे. त्यामुळे आईंच्या औषधात खंड पडणार नाही, ते कसं ते पुढे लिहिते. मी वकील नाही आणि अर्जाआधी तुम्हाला इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावंच लागेल, पण एवढं मी आजही ठामपणे सांगते.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं न्यू जर्सीपुरतं अगदी बरोबर आहे. आजारी माणसांसाठीचा कायदा या राज्याने जानेवारी २०१० मध्ये केला. २०१९ साली तो सुधारून मोठा झाला आणि त्याला जेक होनिग या मुलाचं नाव दिलं गेलं. जेक सात वर्षांचा असताना मेंदूच्या कॅन्सरने गेला. महिन्याला ठरवून दिलेलं औषध त्याला शेवटी पुरत नव्हतं, आणि ती मर्यादा वाढावी म्हणून त्याचे आईवडील राज्य सरकारशी झगडले. आज रुग्णाला तीस दिवसांत तीन औंसांपर्यंत माल मिळू शकतो, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना तर ती मर्यादाही नाही. पात्र आजारांच्या यादीत कॅन्सर आहे. रुग्णाला दोन केअरगिव्हर नोंदवता येतात. १ जुलै २०२२ पासून नोंदणीकृत रुग्णाच्या खरेदीवर विक्रीकर लागत नाही. म्हणजे आईंनी कार्ड काढणं आणि मुलाने त्यांच्यासाठी औषध आणणं यात राज्याच्या कायद्याने काहीही गैर नाही.

पण तुमचं ग्रीन कार्ड न्यू जर्सीने दिलेलं नाही. ते केंद्र सरकारने दिलेलं आहे आणि नागरिकत्वही तेच देणार आहे. केंद्राने १९७० च्या कायद्यात गांजा नियंत्रित द्रव्यांच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे हेरॉइनच्या पंक्तीला, टाकला. तो तिसऱ्या, म्हणजे कमी कडक, परिशिष्टात उतरवण्याच्या हालचालींच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील आणि त्यामुळे नवऱ्याला धीर आला असेल. परिशिष्ट बदललं तरी द्रव्य नियंत्रितच राहतं. इमिग्रेशनचा कायदा पाचही परिशिष्टांतल्या द्रव्यांना सारखाच लागतो. दुसरा आधार लोक देतात तो संसदेच्या अटीचा. डिसेंबर २०१४ पासून संसदेने केंद्राच्या न्यायखात्याला राज्यांच्या वैद्यकीय गांजाच्या योजनांत अडथळा आणण्यासाठी पैसा खर्च करायला मनाई केली. ती मनाई न्यायखात्याला आहे. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व पाहणारं खातं वेगळं, त्याला ती लागू नाही.

एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना लेखी मार्गदर्शन दिलं. राज्यात गुन्हा नसला तरी गांजासंबंधीचं कृत्य केंद्राच्या कायद्याने गुन्हाच आहे, आणि नागरिकत्वासाठी अर्जदाराचं चारित्र्य चांगलं असावं लागतं, त्या अटीच्या आड ते येऊ शकतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्यासाठी अटक किंवा खटला झालेला असावा लागत नाही. तुम्ही मुलाखतीत शपथेवर दिलेली कबुली पुरते. नागरिकाची पत्नी म्हणून अर्ज करणार असाल तर आधीची तीन वर्षं आणि एरवी पाच वर्षं तपासली जातात, आणि पुढे शपथविधीपर्यंतचा काळही त्यात धरतात.

आता जी गोष्ट तुमच्या घरात कोणी बोललेलं दिसत नाही, ती सांगते. कायद्याच्या नजरेत केअरगिव्हरची बाजू रुग्णापेक्षा जड असते. रुग्ण स्वतःसाठी औषध जवळ बाळगतो. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंतचा गांजा एकदाच बाळगला असेल, तर इमिग्रेशनच्या कायद्यात काही ठिकाणी सूट आहे. केअरगिव्हर मात्र विकत घेऊन दुसऱ्याच्या हातात देतो, आणि केंद्राचा कायदा त्याला वितरण म्हणतो. पैसे घेतले नाहीत, सासू आहे, आजारी आहे, यातल्या कशानेही तो शब्द बदलत नाही. वितरणाला ती ३० ग्रॅमची सूट नाही. नागरिकत्वाच्या अर्जात नियंत्रित द्रव्य कधी दुसऱ्याला दिलं किंवा विकलं का, असा प्रश्न असतो. अटक झाली नाही असा एखादा गुन्हा कधी केला आहे का, असाही असतो. सही केलीत तर या प्रश्नांना खरं उत्तर ‘हो’ असेल आणि त्याचा पुरावा तुमच्याच अक्षरात राज्याच्या दप्तरी असेल. खोटं उत्तर तर मुळीच देऊ नका, शपथेवरचं खोटं हा स्वतंत्र आणि अधिक मोठा अपराध आहे.

पुण्याच्या प्रवासातही हाच धोका आहे. अमली पदार्थ दुसऱ्याला पुरवल्याचा सकारण संशय असलेल्या परदेशी नागरिकाला सीमेवर अडवता येतं, त्याला शिक्षा झालेली असावी लागत नाही. ग्रीन कार्ड असलेला माणूसही परत येताना या प्रश्नात सापडू शकतो. विमानतळावर फोन तपासला जाऊ शकतो. म्हणून आईंचं कार्ड, पावत्या, बाटल्यांचे फोटो, ‘आज किती थेंब दिले’ असे निरोप तुमच्या फोनवर येऊच देऊ नका. ते सगळं नवऱ्याकडे असू द्या. कोणत्याही अधिकाऱ्याने या विषयावर प्रश्न विचारला, तर अंदाजाने काही बोलण्यापेक्षा ‘वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देणार नाही’ असं नम्रपणे सांगता येतं.

आजवर तुम्ही आईंसाठी एखादी बाटली किंवा गमीचं, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांचं, पाकीट आणलं असेल, तर तेही वकिलाला आधी सांगा आणि मगच अर्जाची तारीख ठरवा. २१ एप्रिल २०२२ पासून न्यू जर्सीत २१ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही दुकानातून माल मिळतो. ‘मग फॉर्म कशाला, दुकानातूनच आणू’ असं घरात कोणी म्हणेल. तुमच्यासाठी तीही वाट बंदच समजा. फॉर्मवर सही नसली तरी केंद्राच्या नजरेत कृत्य तेच.

मग कोण? पहिलं नाव तुमच्या नवऱ्याचं. तो मुलगा आहे, नागरिक आहे, न्यू जर्सीचा रहिवासी आहे. तो शुक्रवार ते रविवार घरी असतो, आणि या औषधाची खरेदी रोज करायची नसते. दोन-तीन आठवड्यांचं एकदम आणता येतं. फक्त डिस्पेन्सरीत, म्हणजे हे औषध विकणाऱ्या परवानाधारक दुकानात, जाताना केअरगिव्हरचं कार्ड त्याच्याजवळ हवं, आणि त्या कार्डावरचा माल आईंचाच. त्यातली एक गोळीही त्याने स्वतः घेता कामा नये किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्या मित्राला देता कामा नये. घरपोच सेवा देणाऱ्या डिस्पेन्सऱ्या तुमच्या भागात आहेत का, हेही त्यालाच फोन करून विचारू द्या. तशी सोय असेल तर आई स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या हाताने, दारात औषध घेऊ शकतील.

नणंदेचं नाव बहुधा घरात निघालं असेल. पण केअरगिव्हर न्यू जर्सीचाच रहिवासी लागतो, त्यामुळे फिलाडेल्फियाची मुलगी चालणार नाही. शिवाय तिने तिकडून काही आणणं किंवा आईंनी तिच्याकडे राहायला जाताना बाटली पर्समध्ये टाकणं, दोन्ही टाळा. दोन्ही राज्यांत वैद्यकीय गांजा चालत असला तरी मधली नदी ओलांडली की केंद्राचा कायदा लागतो. नणंदेला करता येण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. नवरा शिकागोला असताना आठवड्यातला एखादा दिवस ती आईंजवळ येऊन राहिली, तर तुम्हाला एक रात्र पुरी झोप मिळेल. हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. लांब राहणाऱ्या मुलींना आपण काही मागत नाही आणि मग त्या येत नाहीत म्हणून मनात ठेवतो.

दुसऱ्या केअरगिव्हरची जागा तूर्त मोकळी ठेवली तरी हरकत नाही. पुढे गरज पडली तर नागरिक असलेली, विश्वासाची, राज्यात राहणारी व्यक्ती पाहा. आईंची रोज फिरायला जाणारी मैत्रीण असेल किंवा एखादा सज्ञान पुतण्या. नात्याबाहेरच्या माणसाची गुन्हेगारी पूर्वतपासणी होते, तिला वेळ लागतो हे लक्षात ठेवा.

आता सोमवार ते गुरुवारचा प्रश्न. आईंचं डोकं साफ आहे आणि हात चालतात असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तसं असेल तर त्यांनी औषध स्वतःच घ्यावं. एक छोटी कुलपाची पेटी आणा, ती आईंच्या खोलीत, किल्ली आईंकडे आणि दुसरी नवऱ्याकडे. शिकागोला जाण्याआधी चार दिवसांचं त्याने लेबल लावून, वेळ लिहून नीट मांडून ठेवावं. पेटी तुमच्या कपाटात नको, किल्ली तुमच्या जुडग्यात नको. हे तुम्हाला दुष्टपणाचं वाटेल. मांडीशी बसून गरम पेज भरवणारी सून औषधाच्या बाटलीला हात लावत नाही, हे बघणाऱ्यालाही विचित्र दिसेल. तरीही ते तसंच ठेवा. पुढे आईंना स्वतःच्या हाताने घेणं जमेनासं झालं, तर तेव्हा काय करायचं हे आजच वकिलाला विचारून ठेवा, त्या दिवसाची वाट पाहू नका. आणि त्यांना काही झालं, चक्कर येऊन पडल्या, भान हरपल्यासारखं वाटलं, तर कशाचाही विचार न करता ९११ ला फोन करा आणि डॉक्टरांना त्यांनी काय घेतलं ते खरं सांगा. तिथे जीव आधी.

या सगळ्याच्याही अगोदर एक फोन करा, तो आईंच्या ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना. त्यांना विचारा की ड्रोनॅबिनॉल देऊन बघता येईल का. गांजातलं जे मुख्य द्रव्य मळमळ कमी करतं, ते टीएचसी. तेच कारखान्यात तयार करून तिळाच्या तेलात, कॅप्सूलमध्ये भरलेलं हे औषध आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८५ साली केमोच्या मळमळीसाठी त्याला मान्यता दिली. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साध्या फार्मसीत मिळतं. घरच्या माणसाने ते आणणं आणि आजारी माणसाला देणं हे केंद्राच्या कायद्यातही रीतसर आहे. म्हणजे ही कॅप्सूल तुम्ही आणू शकता, तुम्ही देऊ शकता, आणि अर्जात लपवण्यासारखं काही उरत नाही. वैद्यकीय गांजाचा खर्च मेडिकेअर देत नाही. या कॅप्सूलचा खर्च तुमच्या योजनेत बसतो का, हे फार्मसीत विचारा. तुमच्या घरातला निम्मा गुंता एवढ्याने सुटण्याची शक्यता आहे, आणि अनेक घरांत हा पर्याय कोणी विचारतच नाही.

कर्करोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०२४ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या केमोच्या मळमळीसाठी ड्रोनॅबिनॉल किंवा तशा प्रकारचं तोंडावाटे घेण्याचं औषध जोडता येईल असं त्यात म्हटलं आहे. गांजाने कॅन्सर बरा होतो या समजुतीने तो घेऊ नये, हेही तितकंच स्पष्ट सांगितलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी तेलाने गाठ विरघळल्याची गोष्ट पाठवली, तर केमो थांबवण्याचा विचारही मनात आणू नका. डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारा: मळमळीसाठी ओलान्झापिन देऊन झालं आहे का, आणि तळपायांच्या आगीसाठी ड्युलॉक्सेटिन चालेल का. दोन्ही नेहमीच्या वापरातली औषधं आहेत. कदाचित गांजापर्यंत जावंच लागणार नाही.

जावं लागलं, तर हे नवऱ्याला वाचून दाखवा, कारण आणणारा तो असेल. केमो चालू असताना आईंनी धूर ओढू नये. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि वाळलेल्या फुलांवर बुरशी असू शकते, ती फुप्फुसात गेली तर संसर्ग होतो. जिभेखाली घालायचे थेंब किंवा गोळी बरी. खाण्याच्या प्रकारांचा असर जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास टिकतो. घरोघरी गडबड होते ती इथेच. अर्ध्या तासात काही वाटलं नाही म्हणून दुसरी गोळी घेतली जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात. आईंना पहिल्यांदा देताना टीएचसीची मात्रा अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी, रात्री झोपताना, आणि ती शुक्रवारी किंवा शनिवारी, मुलगा घरी असताना. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, पण पाकिटावरचे मिलिग्रॅम वाचायला घरच्यांनी शिकायचं. दुकानातल्या काउंटरवरचा मुलगा ‘हे घ्या, सगळ्यांना आवडतं’ म्हणेल, त्यावर जाऊ नका.

या वयात मला सगळ्यात जास्त भीती पडण्याची वाटते. उठून उभं राहताना रक्तदाब खाली येतो, त्यात बीपीच्या गोळ्या असतील तर आणखी. रात्री बाथरूमला जाताना दिवा लागलेला असावा, पायपुसणी काढून टाकावीत, पलंगावरून उठताना दोन मिनिटं बसून मग उभं राहावं. वॉरफेरीनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण गांजातल्या सीबीडी या दुसऱ्या द्रव्यामुळे त्याचा असर वाढू शकतो. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते, तेही सांगा. इम्युनोथेरपी सुरू करण्याचा बेत असेल तर गांजाची गोष्ट आधी काढा, ती दोन्ही एकत्र घेण्याबद्दल डॉक्टरांच्या मनात शंका आहेत. कधी घेतलं, किती घेतलं, जेवण किती गेलं, झोप किती लागली, हे आईंनी स्वतःच्या वहीत लिहावं. त्यांच्या पिढीला जमाखर्चाची वही लिहायची सवय असते, हे त्यांना छान जमेल.

मुलांबद्दल. पेटीला कुलूप हवंच. या गम्या आणि चॉकलेटं मुलांच्या खाऊसारखी दिसतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला त्यातली एखादी गोळीही गुंगीत नेऊ शकते, श्वास मंद करू शकते. शक्यतो गमीच्या रूपातलं औषध घरात आणूच नका, थेंब आणा. मुलांना ‘आजीचं औषध, हात लावायचा नाही’ एवढं पुरे. तरी चुकून गेलंच पोटात, तर पॉयझन कंट्रोलला लगेच फोन करा. १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा, तो दिवसरात्र चालू असतो. मूल उठत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर सरळ ९११.

डिसेंबरच्या प्रवासात यातलं काहीही सामानात जाऊ देऊ नका, आईंच्या औषधांच्या पिशवीतूनही नाही. भारतात गांजावर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा, कायदा आहे आणि न्यू जर्सीचं कार्ड तिथे चालत नाही. येतानाही जपा. पुण्यातलं कोणी प्रेमाने ‘केमोला आयुर्वेदिक घे’ म्हणून जातीफलादी चूर्णाची डबी हातात ठेवेल. त्यात भांग असते. ती डबी न्यूअर्कच्या विमानतळावर तुमच्या बॅगेत सापडणं तुम्हाला परवडणारं नाही.

आणि आई. त्यांना लाज वाटते आहे, ती थट्टेवारी नेऊ नका. त्यांनी गांजा पाहिला असेल तो देवळाबाहेर चिलीम ओढत बसलेल्या बैराग्यांच्या हातात किंवा सिनेमात, आणि आता तो त्यांच्या औषधांच्या यादीत आला आहे. त्यांना सांगा की राज्याची ही नोंद कायद्यानेच गोपनीय असते. मंडळातल्या कोणालाही ती कळत नाही, तुम्ही सांगितलंत तरच कळेल. चिलीम नाही, वास नाही, जिभेखाली दोन थेंब आहेत. कॅप्सूल चालली तर तेवढंही नाही. एवढं सांगूनही त्या नको म्हणाल्या तर ते ऐका. शरीर त्यांचं आहे, आजार त्यांचा आहे. कार्ड, केअरगिव्हर, पेटी हे सगळं त्यांच्या ‘हो’नंतरचं आहे, आणि तुमच्या पत्रात त्यांचा ‘हो’ मला अजून दिसला नाही. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांना स्वतः प्रश्न विचारू द्या. इंग्रजी अडत असेल तर हॉस्पिटलकडे मराठी दुभाषा मागा, फोनवरून तरी मिळतो. तुम्ही किंवा मुलाने मध्ये बोलू नका. मुलासुनेसमोर आणि मुलासुनेच्या तोंडून त्या मळमळीबद्दल जेवढं सांगतात, त्यापेक्षा जास्त त्या दुभाष्याला सांगतील.

तुमच्या मनाला लागलेल्या गोष्टीबद्दलही लिहिते. बाळंतपणात आईंनी तुमचं केलं, त्याची परतफेड या फॉर्मवर नाही. पेज करणं, पायांना तेल लावणं, केमोच्या दिवशी पाच तास खुर्चीशेजारी बसणं, रात्री उलटी झाली तर तोंड पुसणं, हे सगळं तुम्ही आधीपासूनच करता आहात. आईंच्या देखभालीतलं एकच काम तुम्ही नाही म्हणता आहात, तेही वर्ष-दीड वर्षासाठी, आणि ते करायला घरात दुसरा माणूस आहे. तुमचं नागरिकत्व अडलं किंवा ग्रीन कार्डच धोक्यात आलं, तर त्याची झळ मुलांना लागेल आणि आईंनाही लागेल. हे आईंना समजावून सांगितलंत तर त्याच तुम्हाला सही करू देणार नाहीत, असं मला वाटतं.

नवऱ्याशी मात्र जरा रोखठोक बोला. ‘राज्यात कायदेशीर आहे’ असं नागरिकाने म्हणणं सोपं आहे, कारण त्याला कोणी देशाबाहेर काढू शकत नाही. हे त्याच्या ध्यानात आलं नसेल एवढंच. वाद घालू नका, त्याला बरोबर घेऊन वकिलाकडे जा. एका तासाच्या सल्ल्याचे पैसे द्यावे लागतील, ते द्या. वकील निवडताना ‘नागरिकत्व आणि गांजा यांची प्रकरणं हाताळली आहेत का’ हे फोनवरच विचारा, कारण नुसती एच-वनची कागदपत्रं करणाऱ्याला याची माहिती असेलच असं नाही. विचारायचं ते असं: तुम्ही त्याच घरात राहता, पेटी त्या घरात आहे, यात तुमच्यासाठी काय जपायचं; आईंना हाताने घेता येईनासं झालं तर कोणी द्यायचं; डिसेंबरचा प्रवास अर्जाआधी करावा की नंतर. त्याची उत्तरं लिहून घ्या. तोवर केअरगिव्हरचा फॉर्म नवऱ्याला देऊन टाका, त्याचा भाग तो या शनिवारी भरू शकेल.